वायफाय लागेपर्यंत

पेढीतलं कॉम्प्युटरचं मशीन सुरू झालं, पडदा उजळला, नातवाचा हसरा फोटो आला, पण खाली कोपऱ्यात वायफायच्या जागी नेट नसल्याचा तो राखाडी गोळा आला आणि तिथंच राहिला. अभयकुमारने खुर्ची पुढे ओढली, जणू जवळ गेल्याने वायफाय लवकर लागलं असतं. बाहेर दाणा बाजाराच्या रस्त्यावर अमृतचा ट्रक उभा होता. तूरडाळीची पोती भरून झाली होती, ताडपत्री आवळून झाली होती, आणि ऑनलाइन ई-वे बिल निघाल्याशिवाय गाडी धुळ्याकडे हलणार नव्हती. अमृतने एकदा हॉर्न दिला. तो भांडणाचा हॉर्न नव्हता, आठवण द्यायचा होता. तरी अभयकुमारने घड्याळाकडे पाहिलं. गेल्या आठवड्यात असाच उशीर झाला, गाडी धुळ्याला दुपारी पोचली, हमाल निघून गेले होते, माल रात्रभर गाडीतच राहिला. तिथल्या व्यापाऱ्याने फोन करून रागावण्याऐवजी विचारपूस केली, शेठ तब्येत बरी आहे ना म्हणून, आणि ती विचारपूसच त्याला जास्त लागली. तरुणला, म्हणजे पुण्याच्या मुलाला, हे कळलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला की पप्पा, आखाजीपर्यंत सगळं आवरा आणि इकडे या. एकट्याने होत नाही, यात कमीपणा नाही. अभयकुमारने बघू म्हटलं होतं; आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, अजून लांब होती. पेढी बंद करायची म्हणजे वरचं घर बंद करायचं, आणि वरचं घर बंद करायचं म्हणजे जिथं त्याच्या बायकोचा, तारादेवीचा, पाट अजून भिंतीला टेकून उभा आहे ती खोली बंद करायची. ते त्याला जमणार नव्हतं. पण रोज सकाळी हा राखाडी गोळा त्याला सांगत होता की तुला पेढीही जमत नाही.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी तो सकाळी जैन स्थानकात सामायिकाला, घटकाभर जपाला बसायला, जायचा, परत येऊन नवकारशीची, म्हणजे दिवसाचं पहिलं काही तोंडात घालायची, वेळ झाली की दूध घ्यायचा, आणि जिना उतरून पेढीत आला की मशीन तयार असायचं. खुर्चीत बसायचं, चष्मा लावायचा आणि बिल काढायचं. शेजारचे रुपचंदशेठ आपल्या मशीनला सकाळी सकाळी शिव्या देत बसायचे, तेव्हा अभयकुमार दारातून म्हणायचा, आमचं मशीन माझ्याआधी पेढीवर येतं. रुपचंदशेठ म्हणायचे, मग त्यालाच गादीवर बसवा आणि तुम्ही पोती उचला. यावर दोघं हसायचे. तारादेवी तेव्हा जिन्यावरून वर जात असायची, हातात किल्ल्यांचा जुडगा. ती हसली की नाही हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. मशीन चालू करायचं काम तिचं होतं. कोणी विचारलं तर तो सांगायचा की बटण ती दाबते, बाकी मी बघतो.

मार्गशीर्षात ती गेली आणि त्या आठवड्यापासून वायफाय लागेना. म्हणजे लागायचं, पण दुधाचा पेला निवून साय धरेपर्यंत वाट पाहायला लावून. अशा गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. माणूस जातं, वस्तू राहतात, वस्तूंना काही कळत नाही, हे तो उठावण्याला, तिच्या शोकसभेला, आलेल्या लोकांनाही म्हणाला होता. तरी रोज सकाळी त्या गोळ्याकडे पाहताना त्याला वाटायचं की मशीन आपल्याला ओळखत नाही. त्याने आपल्या परीने सगळं केलं. राउटर नवा आणला. तरुणने पुण्याहून फोनवर एकेक पायरी सांगितली, जुनं जोडलेलं नेट काढून पुन्हा जोडायला लावलं, पासवर्ड पुन्हा टाकायला लावला, मशीन सुरू होताना आपोआप उघडणारे फालतू प्रोग्रॅम बंद करायला लावले. एक दिवस फरक पडल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी कालच नेटवाला वना आला. हा एरंडोलचा, पन्नाशीकडे झुकलेला, कानावर पेन्सिल ठेवणारा माणूस. त्यानेच पूर्वी ही लाइन टाकली होती. त्याने पेढीत मोबाइल हातात धरून दोन चकरा मारल्या, राउटरला हात लावून पाहिला, मशीन दोनदा बंद करून चालू केलं. दोन्ही वेळा वायफाय चटकन लागलं. डॉक्टरसमोर गेल्यावर ताप उतरावा तसं झालं, आणि अभयकुमारला राग आला. वना म्हणाला, "शेठ, मशीनले काहीच व्हयेल नही. रातले मेन बंद करतस का तुम्ही?"

करतो तर. पेढी बंद केली की मेन खाली, हा अभयकुमारच्या वडिलांचा नियम. त्यांच्या तरुणपणी मागच्या गल्लीतलं सरकीचं गोदाम रात्री तारेच्या ठिणगीने पेटलं होतं आणि तीन दिवस धुमसत होतं. तेव्हापासून या घरात रात्री पेढीत वीज ठेवत नाहीत. वडील गेले, फ्यूजच्या पांढऱ्या वाट्या जाऊन नवं बोर्ड आलं, पण झोपायच्या आधी मेनचा खटका खाली ओढल्याचा आवाज आल्याशिवाय अभयकुमारला झोप येत नाही. वनाने मान हलवली आणि समजावून सांगितलं. तुम्ही सकाळी मेन वर करता आणि लगेच मशीनचं बटण दाबता. राउटर उठायला वेळ घेतो, त्याला आधी स्वतः कंपनीशी जोडून घ्यायचं असतं. मशीन मात्र लवकर उठतं आणि नेट शोधतं. समजा गिऱ्हाईक आलं आणि शटर बंद दिसलं, तर ते काही उंबऱ्यावर बसून राहत नाही. चहा पिऊन, बाजार फिरून परत येतं. तसं हे मशीन परत येतं, पण त्याच्या वेळेने. म्हणून मेन रात्रभर चालू ठेवा, नाहीतर राउटर आधी लावा आणि मशीन मागून.

अभयकुमारला ते पटलं. तरी तो म्हणाला की मेन तर आधीही रात्री बंदच असायचा, वर्षानुवर्षं, मग तेव्हा कसं लगेच लागायचं? वनाने कानावरची पेन्सिल काढून पुन्हा लावली. "ते काही माले माहीत नही शे," एवढं म्हणून तो चहा न घेता गेला.

आणि आज पुन्हा अभयकुमार राउटरच्या आधी मशीन लावून बसला होता. वनाने सांगितलेलं रात्री झोपताना लक्षात होतं. सकाळी स्थानकातून परत येताना डोक्यात दुसरंच होतं. सामायिकात आज मन लागलं नव्हतं. माळ फिरत होती आणि त्याला दवाखान्यातली ती खिडकी दिसत होती, जिच्यातून पार्किंग दिसायचं. तारादेवीला त्या खिडकीशी बसायला आवडायचं. एकदा ती म्हणाली होती की तुम्ही जा, गाडी खोळंबेल. तेव्हा तिच्या हाताला सलाइन लागलेलं होतं आणि तिला गाडीची काळजी होती. तो गेलाही होता. गाडी काढून दुपारी परत आला तेव्हा ती जागी होती आणि तिने पहिला प्रश्न विचारला, वेळेवर निघाली? त्याने हो म्हटलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर समाधान आलं. एका ट्रकचं एवढं समाधान कुणाला होतं, हे त्याला त्या वेळी विचित्र वाटलं होतं.

अमृतने दुसरा हॉर्न दिला. त्याच वेळी टेबलाच्या खणात फोन वाजला.

अभयकुमारचा फोन खिशात होता. खणात वाजत होता तो तारादेवीचा. काल बिलाच्या साइटवर नवा पासवर्ड घालताना कोड तिच्या नंबरावर आला होता, कारण खातं उघडलं तेव्हा तरुणने आईचा नंबर दिला होता. म्हणून तो वरून फोन घेऊन आला होता आणि इथंच विसरला. तो फोन तो चार्ज करून ठेवायचा. का, ते त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. खणातल्या लाकडावर फोन थरथरत होता आणि शिक्क्यांच्या पेट्या त्याच्याबरोबर किणकिणत होत्या. मग त्याने खण उघडला. पडद्यावर नाव होतं, चेलना धुळे.

चेलना म्हणजे तारादेवीची धाकटी बहीण. त्याने फोन उचलून कानाला लावला. पलीकडे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज आला, कोणी म्हातारं माणूस खोकलं. मग ती म्हणाली, "जिजाजी?"

त्याने हो म्हटलं. ती गडबडली. म्हणाली की तिला वाटलं फोन वर कपाटात असेल, कोणी उचलणार नाही. रोज नाही करत, कधीतरी करते, या वेळेला. नुसती घंटी वाजते, तेवढं बरं वाटतं. तुम्हाला त्रास झाला असेल तर नाही करणार. अभयकुमारने जे समोर होतं तेच सांगितलं, की त्रास कसला, इथं वायफायच लागत नाहीये, बसलोय वाट पाहत.

पलीकडून एकदम हसल्यासारखा, रडल्यासारखा आवाज आला. ती म्हणाली, "ताई रोज हेच म्हणायची. वायफाय लागेपर्यंत बोलते."

दोघी बहिणी धुळ्याच्या मराठी शाळेत शिकलेल्या. घरात सगळे मारवाडी बोलले तरी त्यांची आपसातली भाषा मराठी, शाळेतली. अभयकुमार तारादेवीला पाहायला गेला तेव्हा धुळ्याच्या चौथ्या गल्लीतल्या त्या घरात ही चेलना दप्तर घेऊन दारातच उभी होती आणि तिने नवरदेवाला मराठीतून विचारलं होतं, ताईला नेणार का तुम्ही? तो त्या वेळी लाजला होता. आता तीच चेलना त्याला सांगत होती आणि तो ऐकत होता. जिजाजी स्थानकात गेले की ताई खाली पेढीत यायची. मेन वर करायची. राउटरचे दिवे हिरवे होईपर्यंत थांबायची, मग मशीन लावायची, मग वायफाय लागलं का बघायची. आधी मशीन लावलं तर रुसतं, हे तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तिने तुम्हाला सांगितलं नाही? आणि तेवढा वेळ ती स्टुलावर बसून धुळ्याला फोन करायची. नवकारशी व्हायची असायची, चहा नाही, पाणी नाही, मोकळा वेळ. तेवढाच.

अभयकुमारने स्टुलाकडे पाहिलं. ते राउटरच्या खाली भिंतीशी होतं. त्याला ते नेहमी तिथंच दिसायचं आणि तो त्याच्यावर पावतीपुस्तकं ठेवायचा. तिने सांगायला हवं होतं, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच वाटलं की यात सांगण्यासारखं होतं काय? भाजी कशी शिजवली ते कुणी सांगतं का? तो जिना उतरायचा तेव्हा पेढीत एक प्रकारची ऊब असायची, माणूस नुकतं उठून गेल्यावर राहते तशी. त्याला वाटायचं ती मशीनची ऊब. थंडीत हात मशीनच्या डब्याजवळ धरायचा तो. आता पेढी थंड असते आणि त्याला वाटत होतं की मार्गशीर्षाची थंडी यंदा लांबली.

चेलना बोलत होती. तिच्या सासूबाई अंथरुणावर आहेत, ते त्याला माहीत होतं; किती वर्षं झाली ते माहीत नव्हतं. नवरा सकाळी दुकानात जातो तो रात्री येतो. म्हातारीला सोडून दारापर्यंतही जाता येत नाही. ताईच्या दवाखान्यातही यायला जमलं नाही, एकदाच आली, तीही दोन तासांसाठी. उठावण्याला आली तर बायका म्हणाल्या की सख्खी बहीण असून कोरड्या डोळ्यांनी बसली. "कशी रडणार, घरी आयाबाई किती वाजेपर्यंत थांबेल हेच डोक्यात," ती म्हणाली. दिवसभरात माणसासारखं बोलणं म्हणजे ते वायफाय लागेपर्यंतचं. कधी ताई एका भाजीवर बोलायची, कधी तुमच्यावर. तुम्ही मशीनची बढाई मारता ते सांगून हसायची. आणि एखाद दिवस चेलनाचं फारच भरून आलेलं असलं तर नेमकं त्याच दिवशी वायफाय लागायचं नाही. सासूबाई पलंगावरून पडल्या होत्या, त्या दिवशी तर समोरच्या भिंतीवरचं ऊन खाली उतरून फरशीवर आलं तरी लागलं नव्हतं. ताई म्हणत होती, अजून नाही गं, बोल तू. "एवढं हळू मशीन होतं तुमचं जिजाजी, आणि तुम्ही बढाया मारायचात," चेलना म्हणाली.

अभयकुमार पडद्याकडे पाहत होता. हा गोळा त्याने गेले दोन-अडीच महिने रोज पाहिला होता. चुकीच्या क्रमाने लावलं, मशीन रुसलं, गिऱ्हाईक बाजार फिरून आलं, तरी दुधावर साय धरेपर्यंत ते लागतं म्हणजे लागतंच. त्याहून जास्त वेळ त्याने कधीच घेतला नव्हता. आणि तारादेवी तर बरोबर क्रमाने लावायची. तिच्या हातून ते पाच मिनिटांत लागत असणार. त्या दिवशीही ते केव्हाच लागलेलं असणार, ऊन फरशीवर येईपर्यंत थांबलेलं काही नाही.

हे त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. तो म्हणाला, हो, जुनं मशीन आहे.

राखाडी गोळा गेला आणि तिथे वायफायची पंख्यासारखी खूण आली. चेलनाच्या घरी म्हातारीने हाक मारली, तिने घाईने फोन ठेवला. अभयकुमारने बिल काढलं, अमृतला दिलं. अमृतने कागद खिशात घालताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उशीर झाल्याचं काही न बोलता गाडी काढली. पेढीत डाळीची बारीक पिवळी धूळ उन्हात तरंगत होती. अभयकुमारने स्टुलावरची पावतीपुस्तकं उचलून कपाटात ठेवली. मग तो स्वतः स्टुलावर बसला. इथून रस्ता दिसत नव्हता, गादी दिसत होती, आणि गादीशेजारची त्याची रिकामी खुर्ची. ती रोज ही खुर्ची पाहत बसायची. तो यायच्या आधी. त्याला रडू आलं, पण ते गेल्या महिन्यांतल्या रडण्यासारखं नव्हतं. ज्याचं आपण वर्षानुवर्षं खाल्लं त्याचं नाव आज कळावं, तसं झालं. बरं झालं कळलं, असं तो मोठ्याने म्हणाला. रिकाम्या पेढीत आपला आवाज ऐकून त्याला संकोच वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्थानकात जाण्याऐवजी सामायिकाचं आसन घेऊन खाली पेढीत आला. मेन वर केला. राउटरवर आधी एक दिवा आला, मग दुसरा लुकलुकू लागला. त्याने घाई केली नाही. आसनावर बसून माळ हातात घेतली, पण माळ फिरायच्या आधी तो त्या दिव्यांकडे बघत राहिला. लाल होता तो हिरवा झाला, विझला, पुन्हा हिरवा झाला आणि टिकला. तिने हे किती सकाळी पाहिलं असेल. सामायिक झालं तेव्हा उजाडलं होतं. त्याने मशीन लावलं. वनाने सांगितलं होतं तसं, तिने केलं होतं तसं. नातवाचा फोटो आला आणि पाठोपाठ, त्याने चष्मा पुसेपर्यंत, पंख्याची खूण आली. त्याने धुळ्याला फोन लावला, तारादेवीच्या फोनवरून. पहिल्या दिवशी दोघांना बोलायला काही सापडेना. तो तुरीच्या आवकेबद्दल बोलला, ती हं हं करत राहिली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने विचारलं की रात्री काय जेवता, आणि त्याने खरं सांगितलं, की खिचडी, रोज. तिने त्याला फोनवरून कढी शिकवली आणि ती फुटली, त्यावर दोन दिवस बोलणं झालं.

गाड्या वेळेवर निघू लागल्या. धुळ्याच्या व्यापाऱ्याने पुन्हा तब्येत विचारली नाही, दर विचारला, आणि अभयकुमारला बरं वाटलं. आखाजीला आठवडा राहिला तेव्हा तरुणचा फोन आला. आंब्याची पेटी मिळाली का, उन्हात फिरू नका, असं सगळं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, पप्पा, काय ठरलं? अभयकुमार म्हणाला की इथंच बरं चाललंय. तरुणने विचारलं, नेट लागतं का वेळेवर? तो म्हणाला, "लागतं. तुझ्या आईने बसवून दिलंय." तरुण म्हणाला की बरं, मग सुट्टीत आम्हीच येतो.

आखाजीच्या सकाळी पेढीला सुट्टी नव्हती, एक गाडी जायची होती. उकाडा सकाळपासूनच होता. अभयकुमारने बिल काढून टेबलावर ठेवलं होतं आणि स्टुलावर बसून फोनवर बोलत होता. धुळ्याला सासूबाईंनी आज पुरणपोळीचा हट्ट धरला होता. डॉक्टरांनी गोड बंद केलेलं, आणि म्हातारी म्हणत होती की पोळी नाही तर मी तोंडच उघडणार नाही, औषधालासुद्धा. चेलना सांगता सांगता थांबली. म्हणाली, तुमचा वेळ जातोय जिजाजी, गाडी असेल. वायफाय लागलं का?

त्याने पडद्याकडे पाहिलं. पंख्याची खूण केव्हाची आलेली होती.

"अजून नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात अमृत दारात आला. त्याने टेबलावरचा कागद उचलला, उन्हाकडे धरून पाहिला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नेट तर लागनं ना शेठ, आज लवकरच लागनं."

अभयकुमारचा कान गरम झाला. मग चेलना हसली. ती मोकळी, पोट धरून हसणारी माणसं हसतात तशी हसत राहिली. हसणं थांबल्यावर त्याला तिचा श्वास ऐकू आला. तिला काय काय आठवत असेल ते त्याला कळत होतं. फरशीवर उतरलेलं ते ऊन तर आठवतच असेल.

"ताई पण," ती म्हणाली, आणि तिथंच थांबली.

त्याने अमृतला हाताने जा म्हणून खूण केली. अमृत गेला, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, वळणावर गिअर बदलल्याचा आवाज आला. अभयकुमारने स्टूल भिंतीला आणखी जरा सरकवून घेतलं आणि पाठ टेकली.

"अमृतला काय कळतंय," तो म्हणाला. "जुनं मशीन आहे, वेळ लागतो. तू सांग, मग पोळी दिली का म्हातारीला?"